विरजणाची गाडी

बारामतीच्या भिगवण चौकात सिग्नल लागला, रावजीनं घर-गाडीचा ब्रेक दाबला आणि मागं फ्रिजातली दुधाची पिशवी सरकून दाराला थडकली. एवढंच झालं. पण तो आवाज कानात शिरला आणि त्यानं ओळखलं, गार दुधाची पिशवी अशी थडकत नाही. गार पिशवी अंग आवळून बसलेली असते, ती टणकन वाजते. ही आपली लोळली, चिखलातल्या म्हशीनं कूस बदलावी तशी. म्हणजे पुन्हा कोमट. रात्रभर घरच्या विजेवर ठेवलेला, पहाटे गॅसवर घेतलेला, आठवडेच्या आठवडे उघडून, पुसून, फुंकून, शिव्या घालून झालेला तो फ्रिज पुन्हा कोमटच. सिग्नलचे आकडे उलटे पळत होते, मागचा टेम्पोवाला हॉर्नवर हात ठेवूनच जन्मला होता, आणि आरशात पद्मा दिसत होती. मागच्या बाकड्यावर मांडी घालून बसलेली, फ्रिजाच्या दारावर एक हात टेकवलेला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. पुढं नवऱ्याच्या शेजारी बसायचं तिला अवघड वाटे. तिनंही ऐकलं होतं. 

बोलायचं ते ती घरातून निघतानाच बोलून बसली होती. "सणसरपतोर बघू. तितंवर गार झालं तर पुढं, न्हायतर गाडी माघारी. विरजण नासवून मला समुद्र बघायचा न्हाय."

"समुद्र कुठला? उजनी हाय ती."

"तुमीच म्हनला हुता, उजनी म्हंजी समुद्रच."

तो म्हणाला होता खरा. लग्नाच्या नव्या नवलाईत ती म्हणाली होती, समुद्र कसा असतो बघायचाय, आणि त्यानं ठोकून दिलं होतं की इंदापूरच्या अंगाला उजनीचं पाणी आहे, त्याला पलीकडचा काठच नाही, तिथं लाटा येतात, एकदा तर एक जहाज वाट चुकून पळसदेवापाशी आलं होतं आणि गावानं त्याला ओढून बाहेर काढायला बैल जुंपले होते. ती हसली होती. त्या हसण्यावर भाळून त्यानं जहाजाला आणखी एक मजला चढवला होता. मग ते जहाज तिथंच राहिलं, बैल जुंपलेलं, आणि दोघं म्हातारी झाली, आणि उजनी काही बघून झाली नाही.

कारण विरजण. सासूनं पद्माच्या हातात किल्ल्या दिल्या नव्हत्या, विरजणाचं भांडं दिलं होतं. रोज संध्याकाळी त्यातलं चमचाभर कोमट दुधात, रोज सकाळी दही, त्यातलं पुन्हा संध्याकाळी. सारी आळी त्या विरजणावर. शेजारची चाँदबी वाटी घेऊन यायची ती दाराबाहेरूनच, "पद्माताई, तुमच्या म्हातारीचा पर्साद द्या," म्हणत. त्या विरजणाचं रावजी बाहेर सांगायचा की चाँदबीच्या हातून एकदा चुकून थेंबभर पाण्याच्या पिंपात सांडलं, तर सकाळी पिंपाला कवडी धरलेली, घरचे आंघोळीला चमचे घेऊन बसले. सांगून सांगून त्याला स्वतःलाच ते पिंप दिसायला लागलं होतं. पण गंमत गंमतीच्या ठिकाणी. पद्मा घर सोडून एक रात्र कुठं राहिली नव्हती. लग्नाला सकाळी जायची, अक्षता पडल्या की जेवायच्या आधी चपला शोधायची. विरजण कोण बघंल? एक दिवस चुकला की आंबतं, दोन दिवस चुकले की कडू होतं, मग ते टाकायचं आणि दुसऱ्याच्या दारात वाटी धरायची. त्या घराण्यानं सगळं मागितलं असेल, विरजण कधी मागितलं नव्हतं. म्हणून रावजी साखर कारखान्यातून निवृत्त झाला आणि कुणा पुणेकरानं हौसेनं बनवून घेतलेली आणि हौस फिटल्यावर विकायला काढलेली ही घर-गाडी बघायला गेला, तेव्हा त्यानं पलंग बघितला नाही, बेसिन बघितलं नाही, शेगडी पेटते का ते विचारलं नाही. गुडघ्यावर बसून फ्रिज उघडला आणि आत हात घालून डोळे मिटले. "देवळात आलाय का हा?" तो पुणेकर बायकोला म्हणाला होता. हळू म्हणाला, पण रावजीला ऐकू गेलं.

आणि दिवाळीत काय गार व्हायचा तो! मागं बोटाएवढा निळा जाळ लागायचा आणि आत बर्फ धरायचा. जाळावर गार होणारं यंत्र. दुसरा कुणी असता तर हसला असता. रावजी हसला नाही. त्याची हयात कारखान्यात पॅनवर गेली होती, तिथं बंद भांड्यातली हवा ओढून घेतली की पाक हात पोळायच्या आतच उकळतो, हे त्यानं रोज बघितलेलं. आगीचे खेळ त्याला शिकवायचे नव्हते. पाक चिमटीत घेऊन, बोटं हळूच फाकवून तार बघायची आणि आत दाणा कितपत धरलाय ते सांगायचं, ही त्याची विद्या. लोक तर म्हणत, एकदा पैज लागली, डोळे बांधून त्याच्या जिभेवर निरनिराळ्या कारखान्यांची साखर ठेवली, त्यानं धडाधड कारखाने सांगितले. शेवटी कुणा चावटानं मीठ ठेवलं, तर रावजीनं मिठागराचं नाव सांगितलं. हे लोक म्हणत, म्हणजे रावजी म्हणे. पण चिमटी खरी होती. त्याच्या हातांना डोक्याला विचारावं लागत नसे. पाळीवर अर्धवट झोपेत असला तरी हात उठायचे, झडप उघडायचे, चिमटी धरायचे, बंद करायचे, आणि डोकं मागाहून येऊन म्हणायचं, झालं होय? बरं.

तेच हात आता फ्रिजापुढं मुके झाले होते. दिवाळी सरली, कारखान्याचा भोंगा झाला, उसाचं गळीत सुरू झालं आणि कधीतरी त्यानंतरच फ्रिजाचं मन उडालं. आधी बर्फ गेला. मग भांड्याला घाम यायचा थांबला. मग लोणी मऊ. त्यानं सिलेंडर बदलला, रेग्युलेटर बदलला. मागची खालची जाळी काढून जाळाची तोटी उपसून घासली, कारण जाळ निळा राहिला नव्हता, पिवळट झाला होता, आणि तोटीवर काजळी धरत होती. घासली की दोन दिवस निळा, पुन्हा पिवळा. दाराच्या रबरात कागद अडकवून ओढून बघितला, कागद घट्ट. हा फ्रिज तिरका चालत नाही, आतलं पाणी एका अंगाला बसतं, असं कुणी सांगितलं म्हणून चाकाखाली फरश्या घातल्या, आत ताटात पाणी ओतून पातळी बघितली. ताट असं सपाट की त्यात चंद्र हलला नसता. फ्रिज कोमट. पुण्याच्या एका दुरुस्तीवाल्याला फोन लावला तर तो म्हणाला नवा घ्या. रावजीनं त्याला नवा जन्म घ्यायला सांगितलं. आणि मग, काहीच उरलं नाही तेव्हा, एका दुपारी पद्माला फ्रिजाच्या बटणापाशी वाकलेली बघितली. ती पुसत होती. फडकं होतं हातात. पण तो विचार आला तो आलाच, आणि काट्यासारखा मोडून आत राहिला: ही बंद तर करत नसेल? हिला यायचंच नसेल तर?

सणसर येईपर्यंत हा काटा सलत राहिला. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस, कुठं तोडलेला, कुठं उभा, तोडलेल्या रानातून पाचट जाळल्याचा वास. त्यानं गाव मागं टाकल्यावर लिंबाच्या झाडाखाली गाडी घेतली. चाकाखाली दगड सरकवले, ताटात पाणी ओतलं, पातळी धरली. पद्मा खाली उतरली, फ्रिजातून विरजणाचा डबा आणि दुधाची पिशवी काढून घेतली आणि झाडाच्या बुंध्याशी डबा मांडीवर घेऊन बसली. त्यानं खालची जाळी काढली, पालथं पडून जाळ बघितला. पिवळा. आळशी, ओठ लोंबलेल्या पोरासारखा. मागं हात घातला तर मागचा पत्रा चटका देत होता. एवढी ऊब आहे, म्हणजे यंत्र मेलेलं नाही, मग गार का नाही? त्यानं फुंकलं. जाळ विझला. पेटवला. पिवळा. त्यानं फ्रिजाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि फ्रिजाला पिढ्या नसतात हे लक्षात आल्यावर त्या पुणेकराच्या केला. कोपर पोळलं, सदऱ्याला ग्रीस लागलं, आणि पालथा पडल्या पडल्याच, तोंड जाळीत असताना, तो बोलून गेला.

"तू ह्या बटनाला हात लावतीस का गं?"

"कशाला लावू?"

"तुला यायचं न्हाय म्हनून."

लिंबावरून एक काडी तिच्या पदरावर पडली. ती तिनं उचलली, मोडली, टाकली. "मला यायचं नसतं तर तोंडानं म्हनले असते. फ्रिजाकडनं कशाला निरोप धाडू?"

"तोंडानंच म्हनत आलीस की जन्मभर. विरजण कोण बघंल, विरजण कोण बघंल."

"ते तुमीच म्हनायचा."

"मी?"

"तुमीच. पयल्यांदा तुमीच. आमच्या प्रगतीच्या लग्नाला चार दिस म्हायेरी ऱ्हाते म्हनले मी, बहीण हाय माझी. तुमी पाळीवरनं येऊन झोपला हुता. अंथरुणातनं त्वांड बाहीर न काढता म्हनला, आन विरजण कोण बघंल? मी म्हनलं, बरं." तिनं डब्याचं झाकण उगाच दाबलं. "मग दर येळेला तुमाला उठवून कशाला वदवायचं? मीच म्हनाय लागले."

तो उठून बसला. असं काही झालं नव्हतं. किंवा झालं होतं. त्यानं ते वाक्य मनात उचलून चिमटीत धरलं, बोटं फाकवली, तार बघितली. पहिल्यांदा ते तिच्याच आवाजात आलं, नेहमी यायचं तसं, चपला शोधता शोधता. मग आवाज जाड झाला. मग त्यात घोंगडीचा वास आला, कानात काजळी, पाळीनंतरचं ते बधिर डोकं ज्यात पॅनची घरघर अजून फिरते आहे, आणि कुणीतरी उंबऱ्यात उभं राहून काही विचारतंय, आणि तोंड आपणहून हललंय, हात हलायचे तसं, डोक्याला न विचारता. तो आवाज त्याच्याच तोंडचा होता का? की ती म्हणते म्हणून आता तसा ऐकू येतोय? चाँदबीचं पिंपसुद्धा त्याला दिसत होतंच की.  इतके दिवस फ्रिज उघडत होता तेव्हा वाटायचं, दोष सापडेल, एक कुठला तरी स्क्रू, एक तोटी. दोष असा अंथरुणात तोंड घालून झोपलेला असेल, हे त्याच्या मनात कधी आलं नव्हतं. "मला आठवत न्हाय," तो म्हणाला. ते खरं होतं आणि पुरेसं नव्हतं.

"तुमाला कसं आठवंल? तुमी झोपला हुता."

तेवढ्यात एक ट्रॅक्टर उसानं शिगोशीग भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत, गाणी वाजवत आला आणि गाडीला घासायच्या बेतात येऊन थांबला. ड्रायव्हरनं गाणी कमी केली, फ्रिजाच्या उघड्या जाळीकडं बघितलं आणि वरूनच ओरडला, "तात्या, दोन कुल्फ्या द्या!"

"कुल्फीची गाडी न्हाय ही."

"मग फ्रिज कशाला घिऊन हिंडताय?"

"तुझ्या बापाला ठिवायला!"

"त्यो उन्हातच बरा हाय, तात्या. गार पडला तर वाटण्या हुतील." तो मनापासून हसला, गाणी वाढवली आणि क्लच सोडला. ट्रॉलीनं हिसका खाल्ला, शिगेवरचा एक ऊस सुटला आणि गाडीच्या छपरावर धाडकन पडला. ट्रॅक्टर निघून गेला. धूळ खाली बसली.

"आवं," पद्मा म्हणाली, "त्यो ऊस काढा वरनं. चघळाय हुईल."

दुसऱ्या कुठल्या वेळी त्यानं नकार दिला असता. आता तिच्यापासून लांब जायला छप्पर बरं वाटलं. मागच्या शिडीनं गुडघे शिव्या देत वर नेले. छपरावर ऊस आडवा पडला होता, आणि त्याच्या शेंड्याशी, बशीएवढ्या टोपीखाली, काहीतरी खाकी दिसलं. ती टोपी फ्रिजाच्या वरच्या भोकाची. जाळाची ऊब मागच्या पत्र्यावरून चढते आणि तिथून बाहेर जाते. खालून हवा, वरून ऊब. त्यानं दोन बोटं घातली, ओढलं. कापड आलं. आणखी आलं. विहिरीतून दोर यावा तसं येतच राहिलं, आणि शेवटी गुडघ्यापासून कापलेली एक विजारीची तंगडी त्याच्या हातात लोंबली, टोकाला गाठ. गाठ त्याची. पॅनवर गळक्या जोडाला चिंधी बांधायची ती गाठ, सगळ्या जगात एकटा तोच मारायचा, उलटी. आणि भोकातून, कितीतरी दिवस कोंडलेली ऊब सुस्कारा टाकून त्याच्या तोंडावर आली.

मग हातांना आठवलं. त्याला नाही, हातांना. भोंगा झाला त्या सकाळी दरवर्षीसारखं सगळं गाव चिंध्या घेऊन फिरत होतं. धुरांड्यातून काजळी उडायला लागली की या मुलखात पहिलं काम भोकं बुजवणं: टाकीची नळी, खिडकीची फट, कुलपाचं भोकसुद्धा, कुणी कुणी तर उघड्या तोंडानं जांभई देत नाही गळीत संपेपर्यंत. रावजीचे हातही निघाले होते. टाकी झाली, खिडक्या झाल्या, मग शिडीवरून गाडीच्या छपरावर, आणि हे भोक आकाशाकडं आ वासून बसलेलं दिसलं. हातांनी जुनी खाकी फाडली, कोंबली, गाठ मारली, खाली उतरले. डोकं त्या वेळी चहा मागत होतं. आणि त्या दिवसापासून तो जाळ गुदमरत होता, आणि हा माणूस खाली पालथा पडून त्याला फुंकत होता, आणि बायकोच्या फडक्यावर डोळा ठेवत होता.

"काय झालं?" खालून हाक आली. "बसला का वरच?"

त्यानं खाकी घाईनं सदऱ्यात कोंबली. "साळुंकीनं घरटं केलतं गं! भोक बुजलंवतं! त्यामुळंच!"

पद्मानं खालून वर बघितलं. मग: "साळुंक्या खाकी घालाय लागल्या व्हय?"

त्यानं वाकून बघितलं. तंगडीचं टोक सदऱ्याखालून गाठीसकट बाहेर लोंबत होतं, शेपटीसारखं.

तो ऊस खांद्यावर घेऊन उतरला. जाळ बघितला, निळा. ताठ, बोटभर, दिवाळीतला. त्याला ओरडून सांगायचं होतं की झालं, गार होणार, संध्याकाळपर्यंत बर्फ धरेल, आण तो डबा, ठेव आत. पण पद्मानं झाडाखाली दोन ताटल्या मांडल्या होत्या. भाकरी, खर्डा, आणि दोन्ही ताटल्यांत वाटून पांढरंशुभ्र दही. डबा रिकामा, कलंडलेला.

"अगं, हे—"

"जेवा."

"आता हुनार हुतं की गार! सापडलं मला! तू एवढा दम—"

"किती दम धरू?" ती म्हणाली, रागानं नव्हे. "गार हुईल, मग हुईल, मग सणसर, मग माघारी. मी म्हनलं खाऊन टाकू. विरजणच न्हाय म्हनल्यावर माघारी कशाला जायचं?"

असा संताप त्याला आयुष्यात आला नव्हता. इतके दिवस राबून, पोळून, शिव्या देऊन आता सापडलं, आणि सापडलं तेव्हा ठेवायचं काही उरलं नाही. तो संताप घेऊनच तो खाली बसला, भाकरी मोडली, दह्यात बुडवली. जरासं आंबट झालं होतं. त्याच्या जिभेनं आणखीही काही ओळखलं असतं, पण जिभेनं या खेपेला नाव सांगितलं नाही. जेवण झाल्यावर पद्मानं ताटल्या धुतल्या, आणि गाडी निघताना मागं न जाता पुढचं दार उघडून त्याच्या शेजारी बसली. निमगाव केतकी येईपर्यंत ती समोर बघत होती, सगळा रस्ता पहिल्यांदाच समोरून येत असल्यासारखी.

इंदापूर ओलांडून पाण्यापाशी पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. पलीकडचा काठ दिसत होता. अगदी स्पष्ट, झाडांसकट. पद्मानं तो डोळ्यांवर हात धरून बराच वेळ बघितला. "जहाज कुठं हुतं?" तिनं विचारलं.

"तितं, त्या वळणापाशी."

"बैल किती हुते?"

 गाडीत येऊन त्यानं फ्रिज उघडला. थंडी बाहेर पडून नडगीवर आली. वरच्या कप्प्याला बोट लावलं तर बोट चिकटलं. आत काही नव्हतं. इतका गार आणि इतका रिकामा फ्रिज त्यानं कधी बघितला नव्हता. मागं शेगडीवर पद्मा दूध तापवत होती; सकाळची तीच कोमट पिशवी. करंगळी बुडवून बघितली, उतरवलं, आणि दुपारचा तो दह्याचा डबा काढून त्यात ओतलं. त्याला पांढरे ओघळ तसेच होते.

"धुतला न्हाईस व्हय?"

"कशाला धुवू? भांड्याच्या अंगाला राह्यलंय तेवढं बास हुतं. बोटाला पुसंल एवढं लागतंय विरजणाला." तिनं झाकण लावलं.

"मग इतकी वर्सं—"

"तुमी कधी इचारलं व्हय, किती लागतं म्हनून?"

त्यानं डब्यासाठी फ्रिजाचं दार मोठं उघडून धरलं. ती हसली, उजनीच्या जहाजाला बैल जुंपले होते तेव्हाचं हसणं. "गार ठिकाणी दही लागतं का कुठं? ऊब पायजे त्याला." आणि त्याच्या सदऱ्याखाली लोंबणारी ती खाकी तंगडी तिनं एका हिसक्यात ओढून घेतली, डबा तिच्यात गुंडाळला, टोकाला गाठ मारली आणि उशाशी ठेवला.

तो उघड्या दारापाशी उभाच होता, थंडी पायावर सांडत.

"आता ह्यात काय ठिवायचं?" त्यानं विचारलं.

"ऊस ठिवा," पद्मा म्हणाली. "कांडी करून. गार चघळू."